कुकरमध्ये काय काय होतं

गावाचं नाव मी सांगणार नाही. शुभदाताईंनी हे लिहायला परवानगी दिली ती त्याच अटीवर. जर्मनीतलं एक विद्यापीठाचं गाव, मधून नदी वाहते, निम्मी वस्ती विद्यार्थ्यांची, एवढं पुरे. मी तिथे कधी गेलेले नाही. त्या गावाबद्दल मला जे काही माहीत आहे ते आमच्या या बेटावरच्या आंग मो किओ वस्तीत, एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, शुभदाताईंच्या स्वयंपाकघरात बसून कळलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं एकाच दुपारी.

शुभदाताई पानसे माझ्या शेजारच्या. त्यांच्या आणि माझ्या दाराच्या मध्ये एका चिनी आजीबाईंचं दार आणि त्यांच्या कुंड्या, बस्स. मी रॅफल्स प्लेसला बँकेत नोकरी करते आणि माझी जीभ जरा तिखट आहे, त्यामुळे मैत्रिणी कमी. शुभदाताईंना मात्र माझ्या जिभेची भीती वाटत नाही. तेवढी एक सोडली तर बाकी सगळ्याची वाटते.

हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते, म्हणून इथेही लिहिते. वीज कडाडली की त्या लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाहीत, अकरा मजले चढून येतात. गॅस बंद केला की नाही हे बघायला एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवरून परत आलेल्या आहेत, एकदा नाही, तीनदा. अनोळखी नंबरवरून फोन आला तर आधी देवाकडे बघतात आणि मग उचलतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो ब्रह्मराक्षस शुभदाताईंच्या घरी भाडं न देता राहतो, असं मी त्यांना चिडवायचे. त्या हसायच्या. "अगं, घाबरणारा माणूस निदान दार तरी नीट लावतो," म्हणायच्या.

हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत त्या कागदपत्रांचं काम करतात. एकवीस वर्षं तेच. कंटेनरमध्ये काय भरलं, किती भरलं, कुणी भरलं, याच्या याद्या तपासायच्या. काम कंटाळवाणं, असं मी एकदा म्हणाले, तर माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं चिडल्या. "यादीत कपडे लिहिलेत आणि आत निघालं रसायन, तर भर समुद्रात जहाज पेटतं, कळलं? ज्याने माल भरला त्याने खाली सही करायची असते. मग जगात कुठेही त्या पेटीबद्दल प्रश्न आला की उत्तर द्यायला तो बांधील." ही सवय त्यांच्या हाडात गेली होती. पुण्याला जाताना प्रत्येक बॅगेची यादी. एक प्रत बॅगेत, एक फोनमध्ये, सामान रचल्यावर त्याचा फोटो. खाली सही, शुभदा संजीव पानसे. लोणच्याच्या बरणीसाठीसुद्धा.

त्यांचा एकुलता एक मुलगा सारंग. इथेच वाढलेला, शाळेत तिसरी भाषा म्हणून जर्मन घेतलेला, दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा करून आलेला, उंचापुरा आणि आईसारखाच गप्प. त्याला भौतिकशास्त्र शिकायचं होतं आणि त्या नदीकाठच्या गावात प्रवेश मिळाला. गेल्या सप्टेंबरच्या शेवटी तो निघाला. त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे बॅग भरायला मदत करायला गेले, म्हणजे खुर्चीत बसून शेरे मारायला गेले.

बीच रोडच्या आर्मी मार्केटमधून घेतलेली हिरवी बॅग होती, सैनिकाच्या पाठीवर असते तशी. त्यात तीन लिटरचा कुकर. आता मराठी बाईच्या हातात रिकामा कुकर आला आणि तिने तो रिकामाच बॅगेत ठेवला, असं कधी झालंय? कुकरच्या पोटात मेतकुटाची पुडी, भाजणीची पुडी, गोडा मसाला, लसणीची चटणी, मूगडाळ, पोहे, सगळं दाबून दाबून. प्रत्येक पुडीवर नाव आणि वजन. शिट्टी वेगळी, रुमालात बांधून. झाकण प्रवासात निघू नये म्हणून वरून तपकिरी टेपचे चार वेढे, आणि टेपच्या जोडावर, कंटेनरला सील लावतात तशी, आडवी सही. बाजूला एक्स्टेंशन बोर्ड, त्याची वायर जागा वाचावी म्हणून कुकरलाच गुंडाळलेली.

"शुभदाताई, हे तुम्ही मुलाला पाठवताय की सैन्याला?" मी म्हणाले होते. हे वाक्य आठवलं की आजही मी जीभ चावते.

पुढचे पाच महिने दर रविवारी व्हिडिओ कॉल. मी पुष्कळदा तिथेच असायचे. सारंगच्या मागे पांढरी भिंत आणि खिडकीचा एक कोपरा. शुभदाताईंचे प्रश्न ठरलेले. थंडी किती, स्वेटर घातलास का, जेवलास काय. "भाजणीचं थालीपीठ केलं, आई. नाइस होतं." मेतकूट संपलं का? "थोडं आहे अजून." शुभदाताई खूश. कुणीतरी भारतातून येणार असेल तर आणखी भाजणी मागवायची, म्हणून वहीत लिहून ठेवायच्या. गणिताचा पेपर कसा गेला, असं त्याचे वडील, संजीवराव, विचारायचे. ते इथल्याच इंडस्ट्रियल पार्कमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत मॅनेजर आहेत, त्यांना पेपरातच रस. "ठीक गेला," सारंग म्हणायचा, आणि मग नेट खराब व्हायचं.

आता ती दुपार.

फेब्रुवारीतला शनिवार. मी चहाला गेले होते. शुभदाताईंनी उसळीसाठी वाटाणे कुकरला लावले होते. संजीवराव लॅपटॉप घेऊन बसले होते. साडेचार वाजले असतील, म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ. शुभदाताईंच्या फोनवर टिंग झालं. त्या गावच्या वर्तमानपत्राचं ॲप त्यांनी घेतलं होतं, भाषांतर होऊन बातम्या यायच्या. तिथे कुणाची सायकल नदीत पडली तरी आम्हाला आंग मो किओत कळायचं. मी हसून म्हणाले, "कोण पडलं आज?"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. रेल्वे स्टेशन रिकामं केलं आहे. बेवारस बॅग. लोकांनी त्या भागात जाऊ नये.

"सारंग आता कुठे असेल?" त्यांनी विचारलं.

"झोपला असेल, शनिवार आहे," मी म्हणाले.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. सहा वेळा. संजीवराव म्हणाले, "शुभदा, एवढ्या मोठ्या गावात नेमका तोच स्टेशनवर असेल का? दरवेळी काय तुझं!" दरवेळी होतं ते खरंच. पण सातव्या वेळी तेही लॅपटॉप मिटून उभे राहिले होते, आणि माझा चहा तसाच गार झाला होता.

पाचला पाच कमी असताना सारंगचा फोन आला. नुसता आवाज, चित्र नाही. शुभदाताईंनी स्पीकर लावला.

"आई."

"कुठे आहेस? लागलंय का तुला? बाळा, बोल ना!"

"मला काही नाही झालं. आई, ती बॅग." त्याला धाप लागली होती. "ती हिरवी बॅग. इट्स माइन."

मला आधी हसूच आलं. भीतीने येतं तसं.

तुकड्यातुकड्यांत जे कळलं ते असं. स्टेशनच्या आत एक बेकरी आहे, चार टेबलं आहेत. सारंग सकाळी तिथे गेला, गर्दी होती, म्हणून त्याने टेबल चोप केलं. चोप म्हणजे आपण इथे हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, करतो तेच. टेबलावर टिशूचं पाकीट ठेवायचं, नाहीतर छत्री, नाहीतर चक्क ऑफिसचा पास, आणि निवांत रांगेत जायचं. कुणी हात लावत नाही. आमची मुलं चालायला लागतात तेव्हापासून हे करतात. इथल्या एमआरटी स्टेशनवर बॅग ठेवून जायची त्याची हिंमत झाली नसती, तेवढं त्याला कळतं. पण टेबल दिसलं, खाण्याचा वास आला, आणि हाताने आपोआप काम केलं. टेबलावर टिशूचं पाकीट, खुर्चीखाली बॅग. मग रांगेत त्याला विद्यापीठातला एक ओळखीचा शिक्षक दिसला आणि सारंग मागच्या दाराने बाहेर गेला. सायकलस्टँडमागे उभा राहिला. वीस मिनिटं.

"अरे, पण का? शिक्षकाला बघून पळायला काय झालं?" संजीवराव ओरडले. "आणि स्टेशनवर कुकर घेऊन कशाला गेला होतास?"

ते राहूनच गेलं, कारण तो म्हणाला, "डॅड, त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. लहान मुलं रडतायत. पोलीस आहेत, खूप. बॅगची चेन थोडी उघडी होती. आय थिंक वायर दिसली त्यांना."

आमच्या तिघांच्या डोळ्यांसमोर ती बॅग आली. हिरवी, सैनिकी. आत धातूचं भांडं, टेपने बांधलेलं, वायर गुंडाळलेली, पोटात पावडरीच्या पुड्या. शुभदाताईंनी ओट्याची कड धरली.

"तुला कुणी पाहिलं का?" संजीवरावांचा आवाज एकदम खाली आला होता. "बॅग ठेवताना? नाही ना? मग ऐक. तिथून चालत निघ. पळू नकोस. खोलीवर जा, दार लाव. उघडतील, बघतील, कुकर निघेल, विषय संपेल. तू सावळा परदेशी मुलगा आहेस, सारंग. एकदा नाव त्यांच्या कम्प्युटरमध्ये गेलं की गेलं. व्हिसा जाईल. पुढे कुठल्याच देशात पाऊल ठेवता येणार नाही. कळतंय ना मी काय म्हणतोय?"

मला ते पटलं. आज लाज वाटते, पण पटलं. मी मानसुद्धा हलवली. म्हणाले, "हो रे सारंग, निघ तिथून."

"कॅमेरे असतील, संजीव," शुभदाताई म्हणाल्या.

"असू देत! शोधेपर्यंत बॅग उघडलेली असेल."

"कोण उघडणार?"

"पोलीस. दुसरं कोण?" संजीवराव म्हणाले.

"ती बॅग उघडायला कुणीतरी पुढे जाणार ना? तो आत्ता कुठेतरी चिलखत चढवत असेल. त्याला माहीत नाहीये आत मेतकूट आहे म्हणून. त्याचे पाय लटपटत असतील." त्यांनी अजून ओट्याची कड सोडली नव्हती. "त्यालाही घर असेल. माझ्या कुकरला घाबरत तो पुढे येणार आणि ज्यांना माहीत आहे ते आपण गप्प बसणार?"

"शुभदा, हा आपल्या मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"मी भरलीय ती बॅग. खाली सही माझी आहे." मग त्या फोनकडे वळल्या. "सारंग, ऐक. पोलिसांकडे जा."

"आई, दे विल शूट मी." तो रडत होता. बावीस वर्षांचा, सहा फुटी, बंदूक चालवायला शिकलेला मुलगा, पाच वर्षांच्या पोरासारखा रडत होता. "आय कान्ट. मला खूप भीती वाटते."

"मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "मला तर रोजच वाटते. जॅकेट काढ. खाली ठेव. हात वर कर, बोटं पसरून. फोन हातात दिसू दे. आणि हळू चाल. तुझ्या त्या जर्मनमध्ये मोठ्याने सांग, बॅग माझी आहे, आत स्वयंपाकाचं भांडं आहे. फोन बंद करू नकोस."

कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. ज्याने कुणी ही म्हण काढली त्याने कधी परदेशात पोलिसांकडे हात वर करून चालत जाणाऱ्या मुलाचा फोन स्पीकरवर ऐकलेला नसणार. आम्ही ऐकत होतो. आधी त्याचा श्वास. मग खडीवरचे बूट. मग तो जर्मनमध्ये काहीतरी ओरडला, आवाज चिरकला, पुन्हा तेच ओरडला. मग एकदम बरेच पुरुष ओरडायला लागले, एकच शब्द पुन्हा पुन्हा, आणि काहीतरी धप्पकन पडलं. फोन पडला की सारंग पडला, ते कळायला मार्ग नव्हता. कुत्रा भुंकत होता. कुणीतरी कण्हलं. आणि लाइन कटली.

संजीवराव खाली बसले ते जमिनीवरच. शुभदाताई उभ्या होत्या, फोन दोन्ही हातांत धरून.

त्यानंतरची चाळीस मिनिटं मला नीट आठवत नाहीत आणि आठवायचीही नाहीत. संजीवराव एकदाच बोलले, "तू पाठवलंस त्याला," आणि मग स्वतःच तोंडावर हात घेऊन बसले. मी वर्तमानपत्राचं ॲप पुन्हा पुन्हा उघडत होते आणि गोळी हा शब्द शोधत होते. मला काय वाटत होतं ते स्पष्ट लिहिते. मला वाटत होतं, तो गेला. आणि मी इथे चहा प्यायला आले होते.

मध्येच, बारीक गॅसवर राहून गेलेल्या ओट्यावरच्या कुकरची शिट्टी झाली. संजीवराव किंचाळले. मी खुर्चीसकट मागे सरकले. शुभदाताईंनी गॅस बंद केला, आणि वाफ जाईपर्यंत त्या कुकरकडे बघत राहिल्या.

सहाला दहा कमी असताना फोन वाजला. अनोळखी नंबर, जर्मनीचा. शुभदाताईंनी आज देवाकडे बघितलं नाही. पहिल्या रिंगला उचलला.

एक पुरुष होता. इंग्रजी सावकाश, शब्द मोजून बोलणारा. तुमचा मुलगा आमच्या गाडीत बसलेला आहे, त्याच्या गुडघ्याला थोडं खरचटलं आहे, बाकी ठीक आहे. संजीवरावांनी डोळे मिटले. तो म्हणतो बॅग त्याच्या आईने भरली. तुम्ही त्याच्या आई का?

"येस," शुभदाताई म्हणाल्या. "आय पॅक्ड इट. आय हॅव अ लिस्ट."

त्याने विचारलं, लिस्ट?

मग मी जे ऐकलं ते मी कधी विसरणार नाही. लिफ्टला घाबरणारी ही बाई ऑफिसच्या आवाजात यादी वाचायला लागली. प्रेशर कुकर, ॲल्युमिनियम, तीन लिटर, एक. झाकण बसवलेलं, शिट्टी काढून वेगळी, पांढऱ्या रुमालात. कुकरच्या आत सहा पुड्या. एक, भाजलेल्या धान्यांचं पीठ, पाचशे ग्रॅम. दोन, तांदूळ-डाळींचं पिवळसर पीठ, अडीचशे ग्रॅम. तीन, काळा मसाला. प्रत्येक पुडीचा रंग, वजन, बांधलेल्या दोऱ्याचा रंग. बाहेर एक्स्टेंशन बोर्ड, पांढरा, वायर दोन मीटर, कुकरभोवती तीन वेढे. टेप तपकिरी, चार वेढे, जोडावर निळ्या पेनाने सही. तारीख सव्वीस सप्टेंबर.

"पण मुलगा तिथे पाच महिने राहतोय," तो म्हणाला. "आता हे सगळं तसंच नसेल, बरोबर?"

"नाही, तसं कसं असेल?" त्या म्हणाल्या. "तो वापरतो. पीठं संपत आली असतील. टेप तर केव्हाच काढली असेल. पण भांडं तेच आहे, साहेब. एवढं मी सांगू शकते."

हे म्हणताना त्यांचा चेहरा पडला. माझाही. कारण मग यादीचा उपयोग काय? पाच महिन्यांत त्या कुकरमध्ये कुणी काय भरलं असेल, त्याची हमी शुभदाताई कशी देणार? त्या माणसाच्याही ते लक्षात आलं असावं. त्याने यादी आणि फोटो पाठवायला सांगितले. त्याचा ईमेल पत्ता मी लिहून घेतला. नाव विचारलं, तेव्हा मात्र शुभदाताईंनी स्वतः सांगितलं, अक्षर अक्षर सुटं करून. पत्ता सांगितला, इथला ओळखपत्राचा नंबर सांगितला. मोठ्या शहरातून बॉम्बवाले लोक येत आहेत, ते ठरवतील, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

"आता तूही अडकलीस," संजीवराव म्हणाले. रागाने नाही.

"असू दे," त्या म्हणाल्या आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

बाहेर चिनी आजीबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या, ते कॉरिडॉरमध्ये सांडल्याचा आवाज येत होता. खाली कुणाची तरी मुलं सायकली चालवत होती. मी मनातल्या मनात एकच मागत होते. त्या पोराने कुकरमध्ये काही भलतं भरलेलं नसू दे. एखादी प्रयोगशाळेतली वस्तू, एखादी बॅटरी, काहीही. ज्याला जन्मापासून ओळखते त्याच्याबद्दल माझ्या मनात असं आलं. भीती माणसाला कुठे नेऊन ठेवते बघा.

सव्वासातला फोन आला. तोच माणूस. आवाज वेगळा होता, सैल.

"मॅडम, आम्ही बॅग उघडली. धोका नाही. तुमच्या मुलावर काही आरोप नाही, थोडा रागावून आम्ही त्याला सोडतो आहोत." मी टाळीच वाजवली. तो पुढे बोलत होता. "तुमच्या यादीचे आभार मानायला हवेत. सगळं जसंच्या तसं जुळलं. आमच्या माणसाने पुड्या मोजल्या, वजनंसुद्धा बरोबर आहेत. आम्ही उघडेपर्यंत टेप फाटलेली नव्हती, तुमची सही जशीच्या तशी होती, म्हणजे नंतर कुणी काही घातलेलं नाही. आम्ही इतकी अचूक यादी कधी पाहिली नव्हती. एकही वस्तू कमी नाही."

मी संजीवरावांना हलवत होते, "ऐकलंत का, सुटला, सुटला!" ते हुंदके देत हसत होते. मी वळून शुभदाताईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. दुपारपासून इतकं झालं, लाइन कटली, पोलीस बोलले, तेव्हाही मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"काहीच कमी नाही?" त्यांनी मराठीतच विचारलं. त्या बिचाऱ्या माणसाला काय कळणार? त्याने फोन सारंगकडे दिला.

"आई," तो म्हणाला. "सॉरी. मी घरी येत होतो. फ्रँकफर्टहून तिकीट काढलं होतं. उद्या तुमच्या दारात येणार होतो. सर दिसले, मला वाटलं ते विचारतील, कुठे चाललास."

संजीवराव फोनकडे झुकले, काहीतरी विचारणार होते, पेपराचं असेल, पण शुभदाताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"कुकर उघडला नाहीस तू," त्या म्हणाल्या.

"किचन सगळ्यांचं आहे, आई. सहा जण असतात. ते हसतात, बोलतात. मी आत गेलो की सगळे बघतात. शिट्टी वाजली असती तर सगळे बाहेर आले असते. मला भीती वाटायची. मी ते झोपले की जायचो."

"आणि थालीपीठ?"

मागे कुणीतरी जर्मनमध्ये बोलत होतं, गाडीचं दार लावल्याचा आवाज आला.

शुभदाताईंनी फोन तोंडाजवळ नेला. दुपारपासून त्या रडल्या नव्हत्या, आता मात्र आवाज फुटला.

"मग पाच महिने तू खाल्लंस काय रे, बाळा?"